'दूरवेध'मधल्या अकरा कथा

पुणे, ६ नोव्हेंबर २०२४

प्रिय अंजनाकाकी,
सप्रेम जय भीम.

फोनवर काहीही विचारलं की तुम्ही "बघते, सांगते" म्हणून ठेवून देता. म्हणून आता पत्र. पत्राला तरी उत्तर द्यावं लागतं.

हनुमंतकाकांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ १ जूनला ओतूरला प्रकाशित करायचं आमच्या मंडळाने पक्कं केलंय. त्यातली लेखनसूची माझ्या गळ्यात आहे. ग्रंथपाल म्हणजे याद्या करायला जन्मलेली, असा सगळ्यांचा समज. काम दिसायला सोपं: कोणती कथा, कुठल्या अंकात, कोणत्या वर्षी, कितव्या पानावर. पण मासिकं कोणी जपत नाही आणि दिवाळी अंक तर फराळाच्या डब्याबरोबरच संपतात. मी रद्दीच्या दुकानांतून, जुन्या वाचनालयांच्या माळ्यांवरून एकेक अंक उपसतेय. शिंका थांबत नाहीत, तरी काकांची नवी कथा सापडली की दिवसभर मी हवेत असते. विज्ञानकथा म्हणजे इंग्रजीतून उचललेल्या यानांच्या गोष्टी असं समजणाऱ्यांना काका एकदा वाचायला लावले पाहिजेत.

आता मुद्द्यावर येते. 'दूरवेध'च्या दिवाळी अंकांत १९९४पासून काकांच्या कथेखेरीज आणखी एक कथा सापडते, लेखिका 'अंजना रोकडे'. अशा अकरा कथा झाल्या. तुम्हाला ठाऊक असेल, तेव्हा एका अंकात एकाच लेखकाच्या दोन कथा बऱ्या दिसत नाहीत म्हणून संपादक दुसरी त्याच्या बायकोच्या नावाने छापत. सूची करणाऱ्या प्रत्येकाला ही रीत माहीत असते. मीही डोळे झाकून त्या अकराही काकांच्या नावावर, कंसात टोपणनाव असं लिहून टाकणार होते.

पण मग त्या वाचल्या आणि हात थांबला. 'तिसऱ्या चंद्राची सुईण' मी लागोपाठ दोनदा वाचली. काकी, खरं सांगा. या कथा कोणी लिहिल्या?

काकांना माझा नमस्कार सांगा. ते फोनवर फार कमी बोलले या वेळी.

तुमची,
कल्याणी


पिंपळवंडी, २१ नोव्हेंबर २०२४

चि. कल्याणीस,
मंगल कामना.

तुझं पत्र पोस्टमन सोपानने हातात देताना विचारलं, "काकू, कोर्टाचं न्हाई ना?" आता टपालाने फक्त नोटिसाच येतात, असा लोकांचा समज झालाय.

फोनवर मी तुटक बोलते त्याला कारण आहे. हे शेजारीच बसलेले असतात. कोण आहे, काय म्हणतंय, कशाला म्हणतंय, हे मला प्रत्येक वाक्याला सांगावं लागतं. हल्ली थोडं विसरायला होतं त्यांना. वय झालं, दुसरं काय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. सगळ्या कथा यांच्याच. संपादकांचं पत्र आलं होतं, दुसरी कथा वेगळ्या नावाने द्या म्हणून. मी तेव्हा आरोग्यसेविका. सोमवारची पहिली एसटी पकडायच्या गडबडीत होते. हे म्हणाले, "तुझं नाव घालू का?" मी म्हटलं, "घाला, पण माझी पिशवी कुठं ठेवलीय ते आधी सांगा." झालं. त्यानंतर दर वर्षी माझं नाव जायचं. मी त्यातल्या निम्म्या कथा वाचल्याही नाहीत. दमलेल्या माणसाला परग्रह कशाला हवेत?

तेव्हा तुझा कंस बरोबर आहे. तसंच छाप.

आणि १ जून ही तारीख तुला गोड वाटली असेल, पण ती शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाकलेली आहे. आमच्या पिढीतला निम्मा तालुका एकाच दिवशी जन्मला. सासूबाई सांगायच्या, हे भातलावणीत झाले म्हणून.

येणं होईल तेव्हा ये. बिबट्याच्या भीतीने इथे अंधाराच्या आत सगळी दारं लागतात, तेव्हा दुपारच्या गाडीने ये.

काकी


पुणे, १२ डिसेंबर २०२४

प्रिय काकी,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि नंतर माझी आई आठवली. काकी, बायका असंच म्हणतात. "मी कुठं काय केलं, सगळं यांचंच." माझी आई शाळेत शिकवून, आम्हा तिघांना वाढवून म्हणायची, घर तुझ्या वडिलांनी चालवलं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच माझी खात्री पटली.

आता माझे पुरावे ऐका. 'वजन नसलेली भाकरी' या कथेत यानावर बाई भाकरी करते. पीठ परातीत राहत नाही म्हणून ती ते ओल्या फडक्यात कोंडून मळते. भाकरी तव्यावर गेल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर तडकते. इथे पाणी खालीच येत नाही, तर आता उलटायची कधी, या विवंचनेत ती बाई अख्खं पान घालवते. काकी, हे विज्ञानाच्या मास्तराला सुचेल? तव्यासमोर उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरा पुरावा. 'सुईण'मधली बाई दर आठवड्याला मिथेनच्या तळ्यातून एकटी होडी वल्हवत पलीकडच्या वस्तीवर बाळंतपणं करायला जाते. तुम्ही वर्षानुवर्षं डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यातून होडीने पलीकडच्या वाड्यांवर जात होतात, हे राजरत्नदादाने मला सांगितलंय. बाळ आडवं आल्यावर त्या बाईचे हात काय करतात, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

मी यावर एक लेख लिहिलाय, 'सावलीतली लेखिका'. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीने तो घ्यायचं कबूल केलंय. सूचीत या अकरा कथांचा वेगळा विभाग करते, तुमच्या नावाने. काकांचं त्यात काही कमी होत नाही. त्यांच्या स्वतःच्या साठावर कथा आहेतच.

एवढी वर्षं गप्प राहिलात. आता राहू नका.

तुमची,
कल्याणी


पिंपळवंडी, १४ जानेवारी २०२५

चि. कल्याणीस,

लेख छापू नको असं लिहायला मी बसलेच होते. तेवढ्यात रविवारी सकाळी राजरत्नचा चाकणहून फोन आला, "आई, पेपर बघितलास का?" म्हणजे तू माझ्या उत्तराची वाटही बघितली नाहीस.

पेपर आमच्याकडे येतोच. तो आधी हे वाचतात, मग मी. त्या दिवशी चहा निवला तरी पेपर खाली येईना. माझा जुना फोटो, नर्सच्या पांढऱ्या साडीतला. राजूनेच दिला असणार. खाली तुझा अर्धा पान मजकूर.

आता तुला खरं सांगते. आधी लिहिलं नाही कारण मला कोणाची कीव नको होती, आणि १ जूनला हे ताठ मानेने व्यासपीठावर बसावेत एवढीच माझी इच्छा होती. यांना स्मृतिभ्रंश आहे. दीड वर्ष झालं. पुण्याच्या डॉक्टरने सांगितलं त्याआधीच मला कळलं होतं. माझा जन्म पेशंट बघण्यात गेलाय. चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा मी हसले. ओतूरच्या शाळेचा रस्ता हे चुकले, तेव्हा मी हसले नाही. तीस वर्षं त्या रस्त्याने गेले होते ते.

पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर होतं त्यांचं. पेपर घडी करून त्यांनी मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "अंजना, तू माझ्या गोष्टी घेतल्यास?"

मी म्हटलं, मी नाही, कल्याणीने चुकून लिहिलंय. तर म्हणाले, "तुझा फोटो आहे." जेवले नाहीत. संध्याकाळी पुन्हा पेपर उघडला आणि पुन्हा तेच विचारलं, सकाळचं आठवत नसल्यामुळे पहिल्यांदाच वाचल्यासारखं. चार दिवस मी रोज नव्याने चोर ठरले. पाचव्या दिवशी पेपर चुलीत घातला.

ज्या माणसाच्या हातून एकेक गोष्ट निसटतेय, त्याच्या उरलेल्यातून तू अकरा काढून घेतल्यास आणि त्या माझ्या ओटीत घातल्यास. मला नकोत. त्यांना अजून कळतंय तोवर त्यांच्या नावावर परत कर. एवढंच मागते.

काकी


पुणे, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय काकी,

काकांच्या आजाराचं वाचून फार वाईट वाटलं. मला कोणी बोललंच नाही. राजरत्नदादाही नाही. माझ्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांचा नंबर खाली लिहिलाय.

पण काकी, रागावू नका, मी दोन दिवस विचार करून लिहितेय. काकांना एवढं का लागलं? खोटं असतं तर ते हसले असते. "घेतल्यास" हा शब्द ते बोलले, याचा अर्थ या कथा कोणाच्या हे इतकी वर्षं त्यांच्या मनातही कुठंतरी सलत असणार. आजारात माणूस मनातलं लपवू शकत नाही. आणि तुम्ही आताही त्यांनाच सांभाळताय. तुमच्या स्वतःच्या वाट्याचं कोण सांभाळणार?

लेखाला किती पत्रं आली ते बघा. एका प्राध्यापकबाईंनी या कथांवर विद्यार्थिनीला संशोधनाला बसवलंय. मे महिन्यात नागपूरच्या परिषदेत मला बोलायला बोलावलंय. ८ मार्चला तुमच्या सत्कारासाठी जुन्नरच्या महिला मंडळातल्या बायका गाडी पाठवायला तयार आहेत. एकदा या. एकदा व्यासपीठावर उभ्या राहून बघा, तुम्हालाच वाटेल की हो, हे माझं आहे.

तुमची,
कल्याणी


पिंपळवंडी, १५ मार्च २०२५

कल्याणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बाजूला ठेवलं. आता लिहिते, कारण नंतर उपयोग नाही.

तू भुसावळला वाढलीस, म्हणून तुला आमच्या घरातलं माहीत नाही. हा तुझा दोष नाही. पण माहीत नसताना विचारायचं सोडून तू मला मीच कशी आहे हे शिकवायला लागलीस, हा आहे.

ऐक. सोमवारी पहाटे मी नारायणगावची एसटी धरायचे. तिथून मंचर, मग घोडेगाव, पुढे डिंभा, मग होडी. आठवडाभर उपकेंद्रावर. शनिवारी संध्याकाळी घरी. राजू तेव्हा दुसरीत. त्याला भाकरी कोण थापून घालत होतं? शेजारची झुंबरबाई? हेच घालत होते. पहिल्या वर्षी तडकलेल्या, दुसऱ्या वर्षी टम्म फुगलेल्या. आळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. हे म्हणायचे, "हसा हसा, आमची भाकरी चंद्रावर जाणाराय." पाणी सुकायच्या आत उलटायची हे तुला बाईच्या हातचं वाटलं ना? मला ते यांनी शिकवलं. माझ्या भाकऱ्या अजूनही जाड होतात.

आणि बाळंतपणं. शनिवारी मी दार ओलांडलं की पाय शेकायला गरम पाणी तयार असायचं, आणि हे पाटावर समोर. "सांग. या आठवड्यात काय झालं?" कोण अडली, होडी कुठं अडकली, कोणाच्या सासूने दार लावून घेतलं. मी बोलता बोलता तिथेच झोपून जायचे. इतर नवरे गोष्टी सांगतात, आमचे हे ऐकायचे. मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या तबकड्यांकडे बघून आल्यासारखे ते सगळं वर आभाळात न्यायचे आणि लिहायचे. मी तेव्हा घोरत असायचे.

तू म्हणतेस खोटं असतं तर हसले असते. अगं, स्वतःचं मूल कोणी दुसऱ्याच्या कडेवर दिलं तर माणूस हसतो का?

पण हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. ८ मार्चला मी आले नाही, तर बाया इथेच आल्या. शाल, नारळ, हार. झुंबरबाई पुढे. "आगं अंजना, तू लिवती व्हय? आमाला कदी बोललीच न्हाई! लई भारी!" मी म्हणत होते, मी नाही, यांनी लिहिलंय. कोणी ऐकेना. जितकं नाही म्हणावं तितकं कौतुक वाढतंय. तुझ्यासारखंच.

तेवढ्यात हे आतून आले. मला वाटलं, आता पुन्हा विचारणार, तू माझ्या गोष्टी घेतल्यास? बायांसमोर. तर ते शालीकडे बघून हसले आणि बायांना म्हणाले, "आमची ही लई चांगलं लिहिते. मी सगळं वाचलंय."

त्या दिवसापासून तेच म्हणतात. शांत असतात, अभिमानाने सांगतात. राग संपला. मी कितीतरी वेळा पेटीतले अंक काढून दाखवले, अहो हे तुमचं, ही ओळ तुमची. ते माझ्याकडे असं बघतात की ही बाई उगाच कमीपणा घेतेय.

कल्याणी, आधी रागावले होते ते बरं होतं गं. तेव्हा माझ्यावर रागवायला तरी कोणीतरी घरात होतं.

परवा उसाच्या कडेने एकटेच निघाले. एसटीत माझ्यासाठी जागा धरायला. मी रिटायर होऊन दहा वर्षं झाली.

तू ये. लेख नको, पत्र नको. येऊन बघ.

अंजना


पुणे, २० एप्रिल २०२५

प्रिय काकी,
जय भीम.

तुमच्याकडून आल्यावर मला लगेच लिहिता आलं नाही. लाज वाटत होती.

त्या दुपारी मी काकांना विचारलं, "काका, या कथा कोणाच्या?" त्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं. माझ्या मनातल्या एका कोपऱ्याला तेव्हाही बरं वाटलं, हे कबूल करते. मग तुम्ही त्यांना म्हणालात, "कल्याणी जेवायची आहे," आणि ते उठले. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. राजरत्नदादा कुठं काम करतो हे माहीत नव्हतं. पण पीठ घेतलं, पाण्याचा अंदाज घेतला, थापायला लागले. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि मान किंचित कलती करून वाट बघत बसले, ते पाणी सुकायची. 'भाकरी'तली ती बाई असंच मान कलती करून बघते. बाविसाव्या पानावर आहे. ते वाक्य मी माझ्या लेखात पुरावा म्हणून छापलंय.

मी भाकरी खाल्ली. तुम्ही "अजून एक घे" एवढंच म्हणालात. तुम्ही रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पेपरकडे खुलासा पाठवला. चुकीला अर्धं पान मिळालं होतं, दुरुस्तीला दोन ओळी मिळाल्या, त्याही लग्नाच्या जाहिरातीशेजारी. नागपूरच्या परिषदेला कळवलं, त्यांनी "सध्या कार्यक्रम भरला आहे" असं उत्तर दिलं. प्राध्यापकबाई फोनवर म्हणाल्या, घरच्यांनी दबाव आणला का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्ही असंच म्हणणार. तेव्हा मला कळलं, तुम्हाला काय वाटलं असेल.

सूचीची मुद्रितं सोबत पाठवतेय. अकराही कथा हनुमंत रोकडे या नावाखाली, प्रत्येकीपुढे 'प्रथम प्रसिद्धी: अंजना रोकडे या नावाने' अशी टीप. एकदा काकांना दाखवा. वाचतील का? त्यांना त्यांचं नाव दिसावं एवढ्यासाठी मी छापखान्याला थांबवून ठेवलंय. काहीतरी आठवेल अशी मला वेडी आशा आहे.

मला क्षमा करा असं लिहिणार होते, पण ते तुमच्यावरच आणखी एक काम टाकल्यासारखं होईल.

तुमची,
कल्याणी


पिंपळवंडी, ता. जुन्नर
१८ मे २०२५

मा. सूचीकार श्रीमती कल्याणी रोकडे यांस,
सप्रेम जय भीम.

आपला माझा परिचय नाही. आपण तयार केलेल्या सूचीची पाने माझ्या पाहण्यात आली. काम कष्टाने केलेले आहे. तथापि त्यात एक गंभीर अन्याय झालेला असून तो निदर्शनास आणणे मी माझे कर्तव्य समजतो.

'दूरवेध' या अंकातील अकरा कथा आपण हनुमंत रोकडे नामक लेखकाच्या नावे टाकल्या आहेत. त्या कथा माझ्या पत्नी सौ. अंजना यांच्या आहेत. नोकरी करणाऱ्या बाईला दाद मागायला वेळ नसतो, म्हणून तिचे कोणीही उचलावे असे होत नाही.

आपण पुरावा मागाल. देतो. ती आरोग्यसेविका आहे. सोमवारी जाते, शनिवारी येते. आल्यावर पाय गरम पाण्यात ठेवून ती या गोष्टी सांगते. मी समोर बसून प्रत्यक्ष ऐकल्या आहेत. सुईणीची होडी गाळात रुतते आणि ती कंदील दातात धरून पाण्यात उतरते, हे तिने मला सांगितले तेव्हा तिच्या साडीला ओला गाळ होता. सांगता सांगता तिला झोप लागते. मग गोष्ट अर्धी राहते. पुढे काय झाले असेल या काळजीने मला झोप येत नाही, म्हणून मी उरलेली लिहून काढतो. माझे काम एवढेच. लेखनिकाला कोणी लेखक म्हणत नाही.

तरी आपण चूक दुरुस्त करावी. सदर रोकडे यांना मी ओळखत नाही. त्यांनी हे जाणूनबुजून केले असेल असे मी म्हणत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अंजनाचे यजमान


पिंपळवंडी, १९ मे २०२५

चि. कल्याणीस,
मंगल कामना.

सोबतचं पत्र यांनी काल सबंध दिवस बसून लिहिलं. मी मुद्रितं दाखवली, त्यांच्या नावावर बोट ठेवून वाचून दाखवली. त्यांना आठवावं म्हणून. तर त्यांचा चेहरा लाल झाला. कागद मागितला. जेवायला उठले नाहीत. अक्षर बघ, अजून फळ्यावरच्यासारखं सरळ आहे. खाली सही करताना मात्र थांबले, बराच वेळ थांबले, आणि मग जे लिहिलं ते तू वाचलंच असशील.

मी विचारलं, "मग हे हनुमंत रोकडे कोण?" म्हणाले, "कोण जाणे. पण बाईच्या गोष्टी ढापणारा माणूस बरा नसणार." मी त्यांच्यासमोर हसले, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

सूची आहे तशीच छाप. अकराच्या अकरा त्यांच्या नावावर. मी बजावून सांगते. त्यांना आता माहीत नसलं तरी मला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे. पण तू मला एकदा लिहिलं होतंस की एकदा उभ्या राहून बघा, तुम्हालाच वाटेल हे माझं आहे. तेव्हा मला तुझा संताप आला होता. काल ते पत्र वाचल्यावर पेटीतून अंक काढला आणि 'तिसऱ्या चंद्राची सुईण' पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. कंदील दातात धरल्याचं मी त्यांना सांगितलं होतं. त्याच्या पुढचं नाही. पुढे ती बाई तळ्यातून पलीकडे पोचते, बाळ रडतं, आणि तिला वाटतं, इथून फार लांब कोणीतरी आपल्यासाठी पाणी तापवत असेल. हे मी सांगितलेलं नाही गं. तेव्हा मला झोप लागली होती.

यांचं पत्र जपून ठेव. ग्रंथात घालू नको, लोक चुकचुकतील. १ जूनला मी त्यांना घेऊन येते. व्यासपीठावर त्यांना कोणी काही विचारायचं नाही, एवढं मंडळाला सांग. माझा सत्कार करायचा कोणी म्हणालं तर खुशाल करा म्हणावं, त्यांना टाळ्या वाजवायला आवडेल.

आता संध्याकाळ झाली की ते दाराशी बसतात. गरम पाण्याची बादली आणतात, माझे पाय दुखत नसले तरी. "सांग. या आठवड्यात काय झालं?" मी सांगते. जुनंच सांगते, होडी, डिंभा, अडलेल्या बाया. जुनं संपतं तिथून बनवून सांगायला लागलेय. काल मी सांगत होते आणि ते ऐकता ऐकता झोपले. गोष्ट अर्धी राहिली होती. मग बसल्या जागी, पाय पाण्यातच ठेवून, पुढची मी एकटीनेच पुरी केली.

काकी